डागडुजीचा भाव

कंपनीची वसाहत, उरण
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप सुचिताताईस,

धाकट्या रघूचा वाकून नमस्कार. कोकिळेचाही नमस्कार (ती स्वयंपाकघरातून "माझाही लिहा" म्हणाली, वाकली होती की नाही ते मी पाहिलेलं नाही). आम्ही दोघं ठीक आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? माघी उत्सवाची गर्दी ओसरली की पाली कशी झाडून घेतल्यासारखी रिकामी होते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे ओट्यावर बसून "कुठले म्हणायचे तुम्ही?" असं विचारायला सध्या तुला माणसं कमी पडत असतील. मांजर परत आली का? दाजींनी लावलेल्या चाफ्याला पाणी घालतेस ना? दाजी गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा येईल, पण तुझ्या घरी फोन लावला की अजून मला वाटतं, आधी त्यांचं खाकरणं ऐकू येईल आणि मग तू बोलशील. असो. पत्राच्या सुरुवातीला रडू नये असं आई म्हणायची.

तू म्हणशील, रोज फोन असतो, मग पत्राचं खूळ कुठून आलं? त्याला कारण तूच आहेस. फोनवर मी "घराचं असं झालं" एवढं म्हटलं की तू "ते असू दे, जेवलास का?" विचारतेस, आणि मग माझं जेवण, तुझं जेवण, शेजारणीच्या सुनेनं न केलेलं जेवण, एवढं होईतो घर बाजूलाच राहतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्यासमोर सलग बोलणार आहे, तेव्हा चष्मा लाव आणि गप्प बसून वाच (रागावू नकोस). पाकीट हाताला जड लागलं असेल आणि आत काहीतरी टणक लागलं असेल. ते शेवटी येईल. आत्ताच उलटं करून झटकू नकोस.

तर घराचं. डिसेंबरअखेर मी निवृत्त झालो हे तुला ठाऊकच आहे, कारण निरोपसमारंभात मिळालेली शाल तूच घेऊन गेलीस. मार्चअखेर हे क्वार्टर खाली करायचं आहे. नोकरीची सगळी वर्षं आम्ही दुसऱ्याच्या भिंतीत काढली, आणि या भिंतीत खिळा ठोकायचा तर कंपनीला अर्ज द्यावा लागतो. कोकिळेनं माहेरून आणलेला तिच्या आईवडिलांचा फोटो त्यामुळे आजवर कपाटात उभा आहे, भिंतीला टेकून. तिला बंगला नको, बाग नको. विचारल्याशिवाय खिळा ठोकता येईल अशी एक भिंत हवी, एवढंच ती म्हणते, आणि तेही वर्षातून एकदाच म्हणते, म्हणून ते जास्त लागतं.

मार्गशीर्षात ते घर सापडलं. दिपेश नावाचा एक एजंट आहे (त्याच्याजवळ दोन मोबाईल असतात आणि तिसरा कुठेतरी चार्जिंगला असतो), त्यानं दाखवलं. मांडव्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, कौलारू, तीन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, थोडे नारळ आणि वालाचा एक तुकडा. मालक अंबाजी आणि त्यांची बायको सखुबाई. दोघं मुलाकडे, कमलेशकडे, उलव्याला पाचव्या मजल्यावर राहायला गेलेली. घर दोन पावसाळे बंद होतं, त्यामुळे कौलं सरकलेली, पंप जाम, दार कण्हत उघडायचं. अंबाजींनी सांगितलेली रक्कम आम्हाला झेपण्यासारखी होती (म्हणजे झेपत नव्हती, पण कोकिळेनं "झेपेल" म्हटलं). सौदा पक्का झाल्याचा विसार दिला, अंगणात नारळ फोडला, शेजारच्या मनुबाईंच्या आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांच्या साक्षीनं गूळ खाल्ला. बँकेचे कागद होईपर्यंत नोंदणी थांबणार होती. निघताना अंबाजींनी स्वतःहून चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मधी मधी झाडलोट करीत जा."

ताई, आमच्या कंपनीत कुणी माझ्या हातात बंद यंत्राची चावी देत नसे. तुला माझी खोड माहीत आहे. लहानपणी पाहुणे आत जेवत असताना मी बाहेर त्यांच्या सायकलींच्या चेन घट्ट करत बसायचो. बिघडलेली वस्तू दिसली की माझा हात गप्प राहत नाही, आणि आता तर निवृत्त झालेला हात! पुढचा सगळा महिना मी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन करंज्याला जायचो, लाँचनं रेवसला उतरायचो आणि रिक्षानं गावात. पहिल्या दिवशी खरोखरच झाडू मारला. दुसऱ्या दिवशी दाराच्या बिजागरीत तेल घातलं, कारण त्या कण्हण्यानं माझं डोकं उठलं होतं. मग पंप उघडला. पंप उघडल्यावर पाइप कुजलेला दिसला. पाइप बदलला तर पाणी आलं, पाणी आलं तर भिंती धुतल्या, आणि धुतलेल्या भिंतींना चुना लावला नाही तर त्या विधवेच्या कपाळासारख्या दिसतात (हे मी तुझ्यासमोर लिहायला नको होतं; खोडलं असं समज). कौलं चाळून घेतली. मनुबाईंनी अंगण सारवून दिलं, बदल्यात मी त्यांचा मिक्सर दुरुस्त केला. कोकिळा रोज सांगायची, अहो, अजून सही झालेली नाही, बाजारात तुरी आणि तुम्ही काय करताय! मी म्हणायचो, विसार दिला म्हणजे घर आपलंच. (तूही मला हसू नकोस. पडवीलगतची वाऱ्याची खोली तुझी, असं मी म्हणायचा अवकाश, तू टेम्पोनं खाट पाठवून दिलीस आणि स्वतः मात्र "मी मागून येते" म्हणून पालीलाच बसलीस. घाई आपल्या रक्तातच आहे. फक्त मी स्वतः जातो आणि तू खाट पाठवतेस.)

नोंदणीला थोडे दिवस उरले असताना अंबाजी आणि सखुबाई राहिलेला पाटावरवंटा न्यायला आली. मी मुद्दाम तिथे होतो. कौतुक ऐकायची हौस, दुसरं काय. सखुबाईंनी दार लोटलं, ते आवाज न करता उघडलं, तशा त्या उंबऱ्यातच थबकल्या. मग मागे गेल्या, नळ सोडला, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या, आणि बराच वेळ सारवलेल्या अंगणाकडे बघत पायरीवर बसून राहिल्या. नवऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मी इकडे "पंपाचा वॉल्व्ह मी स्वतः बसवला" वगैरे सांगत होतो. अंबाजींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशीकडे बघत म्हणाले, "रघूशेट, घर झ्याक झालाय. आता पाच लाख वर द्याला लागतील."

मला वाटलं ते थट्टा करताहेत, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी कारणं सांगितली: पूल व्हनार हाय, इमानतल झालाय, जेट्टीवर मोटारी उतरतात, कुनी मुंबईवाल्यानं पलीकडची वाडी घेतलीय. हा पूल विसार घेतला त्या दिवशीही होणारच होता, विमानतळ त्या दिवशीही तिथेच होता आणि मुंबईवाले तर इंग्रजांपासून येताहेत. खरं कारण माझ्या डोळ्यांसमोर चुन्यानं चकाकत होतं. माझ्याच पैशाचा चुना, माझाच पाइप, माझीच कंबर, आणि त्याबद्दल मीच पाच लाख द्यायचे! जगात आजवर एवढी महाग मजुरी कुणी स्वतःच्या खिशातून भरली नसेल.

परतीच्या लाँचमध्ये मला असा संताप आला होता की शेजारी बसलेली कोळीण टोपली घेऊन पलीकडे सरकली. पाच लाख आणायचे कुठून? बँकेनं जे द्यायचं ते मंजूर केलं होतं, माझा फंड मोडला होता, कोकिळेच्या बांगड्यांकडे मी बघत नव्हतो आणि ती मुद्दाम पदराखाली हात घेत नव्हती. नाही म्हणावं तर मार्चअखेर जायचं कुठे? दिपेशला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, हाफ-हाफ करून टाका, मॅटर खतम." त्याच्या कमिशनचंही हाफ करतोस का, विचारलं तर त्याचा दुसरा मोबाईल वाजला. कागदावर बोट ठेवून भांडलो असतो तर कायदा आमच्या बाजूनं होता, पण ज्या अंगणात नारळ फोडला तिथे वकील घेऊन जायचं, आणि मग जन्मभर त्याच गावात मनुबाईंसमोरून पाणी भरायचं, हे कोकिळेला मान्य नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तसं बोललो नाही, कारण मी रागावलेलो होतो.

मग मला एक युक्ती सुचली. (तू आत्ता कपाळावर हात मारलास ना? मला इथून ऐकू आलं.) दुरुस्तीनं भाव वाढला, तर मोडतोडीनं उतरेल! दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलो आणि ठरवलं की घर होतं तसं करून ठेवायचं. प्रथम दाराच्या बिजागरीचं तेल पुसायला घेतलं. पुसताना दिसलं की वरचा स्क्रू सैल आहे. सैल स्क्रू सोडून पुढे जाणं मला शक्य नाही, तो आवळला. मग पंप काढायला बसलो. उघडल्यावर लक्षात आलं की आतलं वॉशर मी घाईत तिरकं बसवलं होतं. माझ्या हातचं तिरकं वॉशर! ते नीट केलं आणि पंप लावून पाहिला, तर पाणी आधीपेक्षा जोरात. शेवटी निदान एखादं कौल तरी सरकवावं म्हणून छपरावर चढलो, सकाळभर उन्हात बसलो, आणि ज्या जागी गळायची शंका होती तिथली कौलं पुन्हा बसवून खाली उतरलो. मनुबाई अंगणातून सगळं बघत होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे उलव्याला फोन करून सांगितलं की घर आता आणखी चांगलं झालंय. संध्याकाळी अंबाजींचा फोन आला. भाव सहा लाखांनी वर.

त्या संध्याकाळी कोकिळा मला काही बोलली नाही, यावरून तू परिस्थिती ओळख. जेवणं झाल्यावर तिनं फक्त एवढं विचारलं, की भाव ऐकायच्या आधी सखुबाई काय करत होत्या? मी सांगितलं, पाणी प्यायल्या, पायरीवर बसल्या, कानात काही बोलल्या. बरं, म्हणाली. मग तिनं स्वतः सखुबाईंना फोन लावला आणि पैशाचं अवाक्षर न काढता सांगितलं, वालाच्या शेंगा भरल्यात, तुमच्याच अंगणात पोपटी लावू या, दोघं या. मी म्हटलं, जो माणूस आपल्याला लुटतो त्याला आपण जेवायला घालायचं? ती म्हणाली, "तुम्ही मडकं आणा."

तिन्हीसांजेला पोपटी लागली. तुमच्या पालीकडेही लावतात, पण इकडच्यांचा त्याबाबत ताठा वेगळा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला. मग तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. तोंड बंद करायचं काम मी घेतलं आणि वाफेची लाइन सील करावी तसा पाला ठोकून ठोकून भरला. सखुबाई आल्या, बघितलं, आणि मला हातानं बाजूला सारून म्हणाल्या, "मडका हाय, टाकी न्हाय. फुटंल ना." सगळा पाला उपसून त्यांनी पुन्हा भरला. त्यानंतर कुठे काय आहे हे त्या कुणाला न विचारता घरात ये-जा करू लागल्या. मिठाचा डबा कोकिळेनं नव्या जागी ठेवला होता. त्यांनी तो जाता जाता जुन्या जागी ठेवला.

मी अंबाजींना आगीजवळ गाठलं. लाँचमध्ये बसून मी मुद्दे पाठ केले होते: दिलेला शब्द, गावाची लाज, माझी कंबर. गंमत अशी की ते प्रत्येक मुद्द्याला "व्हय, बरोबर हाय" म्हणत होते. शब्दाला किंमत हवी ना? व्हय. विसार घेतल्यावर भाव वाढवणं बरं दिसतं का? न्हाय दिसत. मग किती कमी करता? "एक पैसा न्हाय." असा विक्रेता मी पाहिला नाही, ताई. माझी सगळी बाजू त्यांना पटली होती, आणि तरी ते सहा लाखांवर बसून होते, तेही असं तोंड करून की जणू मीच त्यांच्याकडे मागतोय.

सखुबाईंनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, ते चर्र वाजलं, तशी "झाली" म्हणून मडकं उपडं केलं. सगळे शेंगा सोलायला बसलो. आणि तेव्हा, हातातली शेंग सोलता सोलता, कोकिळेनं भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "सखुबाई, खरं सांगा, तुम्हाला सहा लाख हवेत की घर हवंय?"

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "घर मोडला व्हता म्हून इकाचा ठरला. पडलेल्या घराकडं बघवत नव्हता मना. आता ह्यानी त्याला जित्ता केला. दार उघडला, वाजला न्हाय, तवा वाटला का मी नवी नवरी हाय आनि सासू आत निजलीय." आणि मग अंबाजींनी, आगीकडे बघत, सगळं ओकून टाकलं. इसार घेतला, नारल फोडला, आता न्हाय म्हनलो तं गावात तोंड दाखवाची सोय न्हाय. म्हून भाव वाढवला, का तुमीच पलून जाल. तं तुमी पलायचं सोडून घर आजून चांगला केलाव, म्हून सहा केला!

ताई, नोकरीत मला कुणी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती, आणि एवढी महाग तर नाहीच. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्या म्हातारीचा चेहरा बघून मी म्हणणारच होतो की घ्या तुमचं घर परत (कोकिळेनं माझ्याकडे पाहिलं आणि मी एक अख्खा गरम बटाटा तोंडात टाकला). पण परत घेणं त्यांच्याही हातात नव्हतं. विसाराचे पैसे कमलेशच्या फ्लॅटच्या कर्जात गेलेले, उरलेलेही तिथेच जायचे आहेत. सखुबाईंना ते ठाऊक होतं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पैसं बी हवं आनि घर बी हवा, असा कवा व्हतं काय?"

कोकिळा म्हणाली, "होतं की."

तोडगा असा निघाला. रक्कम ठरली होती तीच, एक पैसा वर नाही. आणि घरातली एक खोली सखुबाईंची. वालाच्या दिवसांत, गणपतीत, उलव्याच्या लिफ्टला कंटाळा येईल तेव्हा, त्यांनी यायचं आणि राहायचं. (कोणती खोली, हा तपशील आत्ता महत्त्वाचा नाही.) दिपेश म्हणाला, असलं काही दस्तात लिहिता येत नाही, उद्या लफडं होईल. कोकिळेनं त्याला सांगितलं की दिलेला शब्द मोडावा लागू नये म्हणून ज्या माणसानं एवढी खोटी कारणं शोधली, त्याच्याशी तोंडी व्यवहार करायला मला भीती वाटत नाही. अंबाजींना हे बोलणं नीट कळायला थोडा वेळ लागला, पण कळल्यावर ते एवढे खूष झाले की शेवटची दोन अंडी त्यांनी एकट्यानं संपवली.

येत्या गुरुवारी अलिबागला नोंदणी आहे. माणसाचं मन आहे, गुरुवारपर्यंत काहीही होऊ शकतं, पण मला का कोण जाणे भीती वाटत नाही. बल्लाळेश्वरासमोर तू माझ्या नावानं एक दिवा लाव, आणि लावताना देवाला माझी खोडही सांग, म्हणजे गुरुवारपर्यंत तो मला त्या घरात जाऊ देणार नाही. प्रकृतीला जप. गरम पाण्यानं गुडघे शेक. थोडं लिहिलंय असं म्हणणार होतो, पण मागची पानं बघून म्हणवत नाही.

तुझा धाकटा,
रघू

ता. क. हे पत्र शर्टाच्या खिशातच राहिलं आणि धुवायला जाता जाता कोकिळेला सापडलं. बरंच झालं, कारण मधल्या काळात गुरुवार होऊन गेला. घर झालं, ताई! सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो निघाले (मी डोळे मिटलेला आहे). बाहेर आल्यावर अंबाजी रीतीप्रमाणे चावी द्यायला खिसे चाचपू लागले आणि मग त्यांना आठवलं की चावी दोन महिने माझ्याकडेच आहे. घरी पोचल्यावर कोकिळेनं कुणाला न विचारता हातोडी घेतली, भिंतीत खिळा ठोकला आणि आईवडिलांचा फोटो लावला. मग पलीकडे जाऊन बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. खिळा वाकडा बसलाय. तो सरळ करायला मला सक्त मनाई आहे.

ता. क. दुसरा. त्या खोलीबद्दल. ताई, ती तुझीच खोली. पडवीलगतची, वाऱ्याची. मी बटाट्यामुळे बोलू शकलो नाही, आणि बटाटा गिळेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. सखुबाई कालच आल्या आणि तुझ्या खाटेवर झोपल्या. त्या घोरतात, पण तूही घोरतेस. मी दुसरी खाट जोडली आहे आणि ती पहिलीपेक्षा चांगली झाली आहे, त्यामुळे तू लवकर आली नाहीस तर तीही जाईल. एवढं सगळं पत्र मी एवढंच सांगायला लिहिलं होतं, हे तू ओळखलं असशीलच.

ता. क. तिसरा. तोडगा निघाल्याच्या आनंदात मी उलव्याला जाऊन कमलेशच्या फ्लॅटमधले गळके नळ दुरुस्त करून आलो. आता कमलेश म्हणतो, फ्लॅटची किंमत वाढली असेल, विकून टाकावा का? मी त्याच्या आईला अजून हे सांगितलेलं नाही.

(इथून पुढे कोकिळेचं अक्षर.) वन्सं, नमस्कार. यांनी लिहिलेलं सगळं वाचलं. वाटाघाटी यांनी केल्या असं वाटत असेल तर तसं वाटू द्या, त्यांना बरं वाटतं. खोलीचा दोष मात्र बटाट्याला देऊ नका. तीच खोली मी मुद्दाम दिली. दरवेळी बोलावलं की तुम्ही म्हणता, "तुमच्या दोघांत मी कशाला?" आता दोघं राहिलो नाही, निदान आता तरी या. सखुबाई म्हणतात, "पालीवालीला सांग, वाल सोलाला दोन हात कमी पडतात." त्यांनाही गप्पा मारायला माणूस लागतं, त्या येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठले तुम्ही?" विचारतात, आणि इथे जेट्टीमुळे येणारे जाणारे खूप आहेत. येताना पालीची मिरगुंडं आणा.

ता. क. शेवटचा, पुन्हा मी. आता पाकीट झटक. एक चावी पडेल. एकूण तीन करून घेतल्या: एक आमच्याकडे, एक सखुबाईंच्या कमरेला, ही तुझी. देवाजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवू नकोस, तिथे दाजींची छत्री आहे तेवढी पुरे. दाराच्या बिजागरीला मी तेल घातलंय, त्यामुळे दार वाजत नाही आणि तू आलेली आम्हाला कळणार नाही. तेव्हा अंगणातूनच हाक मार.